केंब्रिजमधला एक बारीक आवाज

केंब्रिजला लोक विद्या आणायला जातात. आम्ही तेथे एक मोडके यंत्र घेऊन गेलो.

गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत मी आणि माझे वडील, म्हणजे नाना, ताईकडे महिनाभर राहून आलो. सामानात मेतकूट होते, भाजणी होती, भाच्यासाठी लाडू होते. आणि नानांच्या मांडीवर आईच्या जुन्या शालीत गुंडाळलेला एक काळा डबा होता. विमानतळावरच्या तपासनिसाने शाल उलगडून विचारले, "हे काय आहे?" नानांना प्रश्न ऐकू गेला नाही. मी म्हटले, "कॉम्प्युटर." त्या तरुणाने तो डबा उलटासुलटा केला. पडदा नाही, बॅटरी नाही, नुसता कळफलक. त्याने माझ्याकडे पाहिले, मग नानांच्या पांढऱ्या डोक्याकडे पाहिले आणि काही न बोलता शाल पुन्हा गुंडाळून दिली.

या यंत्राची कुळकथा सांगितली पाहिजे. 1987 साली, मी आठ वर्षांचा असताना, नानांनी प्रॉव्हिडंट फंडातून कर्ज काढून ते घेतले. इंग्लंडात क्लाइव्ह सिंक्लेअर नावाच्या गृहस्थांनी 23 एप्रिल 1982 रोजी झेडएक्स स्पेक्ट्रम नावाचा घरगुती कॉम्प्युटर बाजारात आणला होता. सामान्य माणसाला परवडावा हा त्यांचा ध्यास. 48 के स्मरणशक्तीच्या यंत्राची किंमत त्यांनी 175 पौंड ठेवली होती. त्याच्याच पुढच्या आवृत्तीचा परवाना घेऊन डेसिबेल्स नावाच्या कंपनीने 1986 साली आपल्याकडे 'डीबी स्पेक्ट्रम' काढला. तोच आमच्या पुण्याच्या वाड्यात आला. 48 के म्हणजे किती? आज आपण फोनवरून फुलाचे चित्र आणि 'शुभ सकाळ' पाठवतो ना, तेवढ्यासाठीसुद्धा ती जागा पुरणार नाही. पडदा म्हणून घरचा टीव्ही, आणि वही म्हणून साधा कॅसेटचा टेपरेकॉर्डर. टेप लावली की कर्कश किंकाळी फुटे, पडद्याच्या कडेला रंगीत पट्टे धावू लागत आणि चारपाच मिनिटांनी एखादा खेळ उमटे. नाहीतर किंकाळी मध्येच थांबे आणि सगळे पहिल्यापासून.

नाना कचेरीत हिशेब करीत आणि घरी पेटी वाजवीत. त्यांनी हिशेबासाठी म्हणून घेतलेल्या यंत्राला चार दिवसांत पेटी करून टाकले. त्यात 'बीप' नावाची एक आज्ञा आहे. तिच्यापुढे दोन आकडे लिहायचे. पहिला आकडा म्हणजे स्वर किती सेकंद लांबवायचा; दुसरा म्हणजे मध्य सप्तकातल्या पांढरी एकपासून तो किती अर्धस्वर वर आहे. शून्य लिहिले की पांढरी एक, बारा लिहिले की वरच्या सप्तकातली पांढरी एक. नाना काळी एकमध्ये गात. म्हणून त्यांच्या वहीत भैरवी अशी उतरली होती : 1, 2, 4, 6, 8, 9, 11, 13. रविवारी दुपारी सारा वाडा झोपला की नाना यंत्रापुढे बसत आणि आतून बारीक, डासाने गावे तशी भैरवी येई. आई म्हणे, "घरात पेटी असताना या डबीला कशाला गायला लावताय?" नाना म्हणत, "अगं, हिला कोणी शिकवलंच नाही, म्हणून."

पुढे खरे कॉम्प्युटर आले, टेपरेकॉर्डर गेले, आई गेली. यंत्र माळ्यावर पडून राहिले. गेल्या वर्षी वाडा पाडून नवी इमारत बांधायचे ठरले आणि माळे रिकामे करावे लागले. भंगारवाला दारात उभा असताना भाच्याचा फोन आला. त्याने या यंत्राविषयी कोठेतरी वाचले होते. "मामा, ते टाकू नका. ते मूळचं आमच्या गावचं आहे!"

आणि ते खरेच होते.

किंग्ज क्रॉसहून आगगाडीने तासाभराच्या आतच आपण केंब्रिजला पोचतो. स्टेशनाबाहेर पाऊल टाकताच सायकलींचे रान दिसले आणि नानांचा चेहरा उजळला. "हे तर आपलं जुनं पुणं!" ते म्हणाले. पाठीवर पोतडी, पायात वाऱ्याचा वेग आणि चेहऱ्यावर 'रस्ता माझाच' असा भाव. फरक इतकाच, की येथे सायकलस्वार तांबडा दिवा पाहून बहुधा थांबतो. गावाच्या अंगाने कॅम नदी वाहते. नदी म्हणायला ती आपल्या कालव्याएवढी. पण तिच्या काठी सातआठशे वर्षे विद्यापीठ नांदते आहे, आणि लांब बांबूने रेटलेल्या सपाट होड्यांतून हिंडणाऱ्या प्रवाशांना वल्हेकरी तरुण त्या विद्यापीठाच्या खऱ्याखोट्या गोष्टी सांगत असतात.

मराठी माणसाला हे गाव परके वाटत नाही. सेंट जॉन्स कॉलेजच्या दरवाजाशी आम्ही मुद्दाम उभे राहिलो. 1899 साली रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे येथूनच सीनिअर रँग्लर झाले आणि मग फर्ग्युसनचे प्राचार्य म्हणून पुण्यात आले. जयंत नारळीकरांनी आपल्या आयुष्याची कथा ज्या चार नगरांत वाटली, त्यांतले एक हेच. 2025 साली ते गेले, तेव्हा नानांनी वर्तमानपत्रातले त्यांचे छायाचित्र कापून ठेवले होते. ते पाकिटातून काढून नानांनी नदीकाठी उभे राहून एकदा पाहिले आणि परत ठेवले.

त्याच संध्याकाळी ताईने आम्हांला किंग्ज कॉलेजच्या चॅपेलमध्ये नेले. सत्र चालू असले की तेथे सायंप्रार्थना गायली जाते आणि कोणालाही जाऊन बसता येते. 1446 साली पाया घातलेल्या त्या इमारतीचे दगडी छत पंख्यांसारखे उलगडत जाते; दगड आहे यावर विश्वास बसत नाही. मग पांढऱ्या झग्यांतली मुले गाऊ लागली. एका मुलाचा आवाज सर्वांच्या वर गेला आणि त्या छताशी थोडा वेळ रेंगाळून विरला. माझ्या अंगावर काटा आला. मी नानांकडे पाहिले. ते छत पाहत होते. गाणे थांबले, तरी ते छतच पाहत होते.

बाहेर आल्यावर मी विचारले, "कसं वाटलं?"

"छत सुंदर आहे," नाना म्हणाले.

ताईने माझ्याकडे पाहिले. नानांचे वय ब्याऐंशी. दोन वर्षांपूर्वी आम्ही त्यांना कानाचे यंत्र घेऊन दिले होते. ते डबीसकट खणात पडून होते. "बाहेरून यंत्र लावून ऐकायचं, ते काय ऐकणं? आहे तेवढं पुरे," असे म्हणून नाना विषय संपवीत. पण आहे तेवढे पुरत नव्हते. ते हळूहळू बोलण्यातून उठून जात होते. घरात चार माणसे हसली की तेही हसत, पण एक क्षण उशिरा. निघताना मी ती डबी त्यांच्या दाढीच्या सामानात दडवून आणली होती. ते त्यांना दिसले असणारच. ते काही बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवसापासून भाच्याने आम्हांला त्याचे केंब्रिज दाखवले. चॅपेलसमोरच्या किंग्ज परेड या रस्त्यावर सहा क्रमांकाचे घर आहे. सत्तरीच्या दशकात सिंक्लेअरसाहेबांचा कारभार तेथून चाले. तेथून बाजाराचा चौक हाकेच्या अंतरावर. त्या चौकात ऑकॉर्न नावाच्या प्रतिस्पर्धी कंपनीने 1978 साली आपले दुकान थाटले. तिचे एक संस्थापक ख्रिस करी हे आधी सिंक्लेअर यांच्याच हाताखाली होते. भाऊबंदकी म्हटली की वाद आलाच. 1984 च्या नाताळाच्या सुमारास ऑकॉर्नच्या एका जाहिरातीवरून भडकून सर क्लाइव्ह यांनी ब्रिज स्ट्रीटवरच्या 'बॅरन ऑफ बीफ' या पानगृहात करींना गुंडाळलेल्या वर्तमानपत्राने बडवले, ही गोष्ट केंब्रिजमध्ये अजून चवीने सांगतात. नानांना ती मी कानाशी मोठ्याने सांगितली, तेव्हा रस्त्यावरची दोन माणसेही थांबून ऐकू लागली.

दोघांचेही पुढे फारसे बरे झाले नाही. सिंक्लेअर यांना 1986 साली आपले कॉम्प्युटर पन्नास लाख पौंडांना ॲमस्ट्रॅड कंपनीला विकावे लागले. ऑकॉर्नही मावळली. पण तिच्या अभियंत्यांनी 1985 साली केलेल्या 'आर्म' या चिपचा वंश एवढा वाढला, की तुमच्या-माझ्या खिशातल्या फोनमध्ये आज बहुधा तीच नांदते. मिल रोडवर वाणसामान घेऊन परतताना भाच्याने जवळची विलिस रोड नावाची गल्ली दाखवली. तेथील एका जुन्या सोडावॉटरच्या कारखान्यात 1982 पासून सिंक्लेअर यांची कचेरी होती. नाना त्या विटांच्या भिंतीपुढे बराच वेळ उभे राहिले. "एवढंसं?" ते म्हणाले. आपल्या घरी आलेल्या पाहुण्याचे माहेर पाहावे, तसा त्यांचा स्वर होता.

कोल्डहॅम्स रोडवर कॉम्प्युटरच्या इतिहासाचे एक संग्रहालय आहे. 'हात लावू नये' ही पाटी तेथे नाही. जुनी यंत्रे चालू ठेवलेली असतात आणि मुले त्यांवर खुशाल खेळतात. एका खोलीत ऐंशीच्या दशकातला शाळेचा वर्ग मांडला होता आणि बाकांवर ऑकॉर्नचे 'बीबीसी मायक्रो' होते. तेच यंत्र 1984-85 पासून 'क्लास' नावाच्या योजनेखाली आपल्या सरकारने देशभरच्या माध्यमिक शाळांना दिले. एकंदर बारा हजार. आमच्या पिढीतल्या पुष्कळांनी आयुष्यातला पहिला कॉम्प्युटर पाहिला तो हा. तोही बहुधा कुलपाच्या आड.

आता आमच्या यंत्राकडे वळतो. ताईच्या शेजारी एक वृद्ध इंग्रज गृहस्थ राहतात. उभा जन्म त्यांनी रेडिओ दुरुस्त करण्यात घालवला. नानांचे गाठोडे पाहताच त्यांनी चहाचा पेला खाली ठेवला आणि चष्मा बदलला. प्रथम त्यांनी बजावले, की हाताशी असलेला कोणताही नऊ व्होल्टचा अडॅप्टर याला लावू नका. आजच्या अडॅप्टरांत बहुधा मधली तार धन असते, या यंत्राला ती ऋण लागते. उलटे झाले की संपले! मग त्यांनी झाकण उघडले. कळांखालची प्लॅस्टिकची पातळ पट्टी वाळक्या पानासारखी तुटली होती. या यंत्रांचे हे जुनेच दुखणे, आणि नवी पट्टी अजून मिळते. ती त्यांनी मागवली, काही सुकलेले कपॅसिटर बदलले, आपला एक जुना टीव्ही आणून जोडला आणि बराच वेळ खटाटोप केल्यावर पडद्याच्या तळाशी 1982 साल असलेली ती ओळख करून देणारी ओळ उमटली. नानांनी टाळी वाजवली.

मग ते स्वतः खुर्चीवर बसले. या यंत्रात आज्ञा अक्षरे जुळवून लिहीत नाहीत; एकेका आज्ञेला ठरलेल्या कळा असतात. मी वही शोधत होतो, तोवर नानांची बोटे चालली होती : आधी 'एक्स्टेंड मोड', मग 'सिंबल शिफ्ट' दाबून 'झेड'. पडद्यावर 'बीप' उमटले. तीस वर्षांनी! आकडे घालून त्यांनी शेवटची कळ दाबली. डासाची भैरवी सुरू झाली. आम्ही सगळे ऐकत होतो. नाना पडद्याकडे पाहत होते.

"वाजतंय का?" त्यांनी विचारले.

कोणी काही बोलेना.

भाच्याने तोडगा काढला. "आजोबा, मागे एक भोक पाडून बाहेर स्पीकर जोडायचं सॉकेट बसवू या. खूप लोक तसं करतात." नानांना ते दोनदा सांगावे लागले. कळल्यावर मात्र ते ताडकन म्हणाले, "भोक बिक काही पाडायचं नाही!" शेजाऱ्यांनी विचारले, या यंत्राचे पुस्तक आहे का? आहे म्हणजे काय? 1982 च्या मूळ पुस्तकाची झेरॉक्स करून, अप्पा बळवंत चौकात बांधून घेतलेली आणि खाकी कव्हर घातलेली प्रत नानांच्या पिशवीतच होती. शेजाऱ्यांनी आवाजाचे प्रकरण काढले आणि बोट ठेवले. यंत्राच्या पाठीशी टेपरेकॉर्डरसाठी दोन भोके आहेत, 'इअर' आणि 'माइक'. टेपवर साठवण्यासाठी यंत्र ज्या वाटेने किंचाळते, त्याच वाटेने ते गातेही. मोठा आवाज हवा असेल तर 'माइक'ची तार ॲम्प्लिफायरला जोडा, असे पुस्तकाने तेव्हाच सांगून ठेवले होते. बाहेरची वाट यंत्रात पहिल्यापासून होती. आम्हीच ती कधी वापरली नव्हती.

त्याच प्रकरणात एका ओळीखाली नानांची तांबडी रेघ होती. भारतीय संगीतासारख्या संगीतात अर्धस्वराहून लहान अंतरे लागतात, तेव्हा येथे अपूर्णांक लिहिले तरी चालतील, असा तेथे मजकूर होता. केंब्रिजच्या कोणा माणसाला पुस्तक लिहिताना आपली आठवण झाली होती, याचे नानांना 1987 साली केवढे अप्रूप वाटले असेल!

तार जोडली, पण घोटाळा झाला. भाच्याने आणलेली तार आजच्या दुहेरी आवाजाची, आणि यंत्राचे भोक एकेरी. अशा जोडणीत तारेची दुसरी बाजू जमिनीशी जुळते आणि मुकी होते. दोन स्पीकरांपैकी डावाच वाजला, आणि नानांचा डावा कान उजव्याहून अधू. "अजून नाहीच," ते म्हणाले आणि उठू लागले. शेजाऱ्यांनी त्यांना खांद्याला धरून बसवले. एकेरी पिन डागून तिची तार त्यांनी दोन्ही स्पीकरांकडे नेली आणि मध्ये आवाज कमीजास्त करण्याची एक चावी घातली. तासभर गेला. ताईने तेवढ्यात पोहे केले.

पुन्हा भैरवी लागली. यावेळी खोली भरून.

नानांचा हात आपोआप मांडीवर पडू लागला. चौथ्या स्वराशी त्यांनी डोळे मिटले. पूर्ण झाल्यावर म्हणाले, "ऋषभ चुकला." मग वही मागवली. तेथे 2 हा आकडा खोडून पेन्सिलीने 1.8 केलेला होता. पेटीचा रिषभ त्यांना भैरवीत नेहमीच चढा वाटे. नानांनी आकडा बदलून पुन्हा वाजवले. भाच्याने विचारले, "आजोबा, फरक कळतो तुम्हांला?" त्यांनी त्याला पाठ फिरवून बसायला न सांगता स्वतःच पाठ फिरवली. भाच्याने कधी 2, कधी 1.8 असे पाच वेळा वाजवले. नानांनी पाचही वेळा बरोबर सांगितले : "हा पेटीचा. हा गळ्याचा."

शेजारी मला म्हणाले, यात चमत्कार काही नाही. हा स्वर म्हणजे सेकंदाला तीनशेच्या आतबाहेरची कंपने. यंत्रातला एवढासा स्पीकर तेवढी हवा हलवू शकत नाही. तो फक्त त्या स्वरावरची बारीक, टोकदार छटा देतो. आणि म्हातारपणी कानातून पहिल्यांदा जाते ते नेमके हेच टोक. "तुमच्या वडिलांचा कान गेलेला नाही. त्याला पोचेल असं कोणी पोचवत नव्हतं." माणसांच्या बोलण्याचेही तसेच, ते म्हणाले, आवाज येतो, पण स, श, त, क यांच्या कडा गळतात आणि मग शब्द कळत नाही.

हे सगळे मी नानांना सांगितले नाही. सांगायला मोठ्याने ओरडावे लागले असते, आणि ते ओरडून सांगण्यासारखे नव्हते.

निघायच्या आदल्या दिवशी दुपारी नाना दाढी करून आले. उजव्या कानामागे काहीतरी करड्या रंगाचे दिसत होते. आम्ही कोणी त्याकडे पाहिले नाही. चहा पिताना ते ताईला म्हणाले, "तुझ्या घराला पाखरं फार आहेत गं. महिनाभर होती का?"

"होती, नाना," ताई म्हणाली आणि पातेले घासायच्या निमित्ताने आत गेली.

संध्याकाळी ते स्वतःच म्हणाले, "त्या देवळात पुन्हा जाऊ या." किंग्ज चॅपेलच्या त्याच बाकांवर आम्ही बसलो. मुले आली, ऑर्गन घुमला, गाणे सुरू झाले. यंत्रातून ऐकलेले गाणे कोवळ्या कानांनी ऐकल्यासारखे नसते हे मला ठाऊक आहे. मध्येच नानांनी तोंड वाकडे करून कानाशी काही खटपट केली. मग तो एकटा आवाज वर गेला. या खेपेस नाना छताकडे पाहत नव्हते. ते डोळे मिटून बसले होते आणि त्यांचा हात मांडीवर होता.

बाहेर पडल्यावर मी विचारले, "कसं वाटलं?"

"मुलगा चांगला गातो," नाना म्हणाले, "पण त्याला शिकवणाऱ्याचंही कौतुक केलं पाहिजे."

काळा डबा आम्ही भाच्याकडे ठेवून आलो. आता दर रविवारी तो पुण्याला फोन लावतो आणि स्पीकरजवळ धरतो. नव्या इमारतीचे बांधकाम चालू आहे तोवर आम्ही भाड्याच्या घरात आहोत. तेथे दुपारी ठोकाठोक फार, पण नाना फोन कानाशी लावून बसतात आणि मधूनच म्हणतात, "अरे, हा पेटीचा झाला. गळ्याचा लाव."